ट्रेबेविचच्या दूर्वा

रमीझने माझ्या तोंडावर हात दाबला. परक्या देशातला परका पुरुष, आणि हात इतका घट्ट की माझा चष्मा नाकावरून घसरला. मी "वन्सं!" अशी हाक मारायला तोंड उघडलं होतं. त्यातला 'व' तेवढा बाहेर पडला असेल.

"हाक मारू नका," तो माझ्या कानाशी इंग्रजीत पुटपुटला. "हात जोडतो तुम्हाला. हाक मारली की माणूस येतो."

येतो म्हणजे? येण्यासाठीच तर हाक मारतात! पण तो बघत होता तिकडे मीही बघितलं. खाली उतारावर, वीस-पंचवीस हातांवर, कमरेएवढ्या झुडपांमधल्या मोकळ्या गवतात माझी नणंद ओणवी झाली होती. निळी सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, पायांत माझ्या मुलाने घेऊन दिलेले कॅनव्हासचे बूट. एका हातात गवताची जुडी. वाईला कृष्णेच्या काठी सकाळी दूर्वा खुडाव्यात तशा बाई निवांत खुडत होत्या. आणि त्यांच्यामागे, झुडपाला टेकून, कवटी काढलेला एक लाल पत्रा.

पत्र्यावरची अक्षरं वाचता आली नाहीत, पण रमीझच्या चेहऱ्यावरून काय ते कळलं. 

सतरा वर्षं झाली या गोष्टीला. आम्ही सारायेव्होत होतो, बोस्नियाच्या राजधानीत. राजधानी म्हटलं की आपल्याला दिल्ली आठवते. हे गाव एवढंसं, डोंगरांच्या ओंजळीत बसणारं. माझा मुलगा सलील व्हिएन्नाला नोकरीला, आणि त्या महिन्यात त्याचं काम होतं सारायेव्होत. माझे यजमान जाऊन दीड वर्ष झालं होतं. सलील म्हणाला, "आई, आत्याला घेऊन ये. दोघी घरात बसून एकमेकींची डोकी खाताय, त्यापेक्षा इथे येऊन खा." स्वतः दिवसभर ऑफिसात, म्हणून आमच्या दिमतीला त्याने रमीझ आणि त्याची गाडी दिली होती.

वन्सं म्हणजे प्रमिलाताई, यांच्या मोठ्या बहीण. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठ्या, लग्नानंतर वर्षभरातच विधवा होऊन माहेरी आलेल्या. म्हणजे मी सून म्हणून आले तेव्हापासून त्या घरात आहेतच. भाजीत मीठ किती आणि दाराला कडी कधी, यावरून आमची तीस वर्षं जुंपलेली. हे गेल्यावर तर मध्ये पडणारंही कुणी उरलं नाही. आणि खरं सांगायचं तर त्या घरात मला वन्सं सोडून दुसरं कुणीच उरलं नव्हतं.

रमीझ तिशीचा, उंच, मान जरा पुढे काढून चालणारा. लढाईच्या दिवसांत परदेशी बातमीदारांना वाटा दाखवून इंग्रजी शिकलेला. एक खोड मात्र विचित्र. तो गवतावर पाय ठेवत नसे. नदीकाठच्या बागेत आम्ही हिरवळीतून सरळ गेलो, तर हा अख्ख्या बागेला वळसा घालून फरशीवरून आला.

"याला गवताचं वावडं आहे का गं, हेमा?" वन्संनी विचारलं होतं.

"असेल हो. आपल्याकडे नाही का, कुणाला वांग्याचं असतं?"

वन्संचं शहर बघणं हे असं. नदीवरच्या पुलाशी रमीझने सांगितलं की इथे एका राजपुत्राला गोळी घातली आणि त्यावरून सगळ्या जगाचं पहिलं महायुद्ध पेटलं. वन्संनी पूल या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला आणि म्हणाल्या, "एवढ्याशा पुलावरून?" पुढे बाजारातल्या रस्त्यावर फरशीला पाकळ्यांसारखे खड्डे, त्यात लाल रंग भरलेला. "अगं बाई, कुंकू सांडलंय कुणाचं तरी," म्हणत वाकल्या. रमीझ म्हणाला, "तोफगोळा पडला होता. पाण्याच्या रांगेत उभी होती माणसं. जिथे माणसं गेली, तिथे खड्डे असे लाल भरून ठेवलेत." वन्सं तशाच सरळ झाल्या आणि तो लाल डाग चुकवून कडेकडेने चालायला लागल्या. त्यानंतर दिवसभर खाली बघूनच चालत होत्या.

दुपारी ट्रेबेविच डोंगरावर निघालो. गावाच्या अगदी उशाशी हा डोंगर. चौऱ्याऐंशी साली इथे बर्फातल्या खेळांचं ऑलिम्पिक झालं, त्याची घसरगाडीची काँक्रीटची वाट अजून तशीच पडली आहे, नाग वळत जावा तशी. आठच वर्षांत त्याच डोंगरावर तोफा आल्या आणि जवळजवळ चार वर्षं खालच्या गावावर आग ओकत राहिल्या. चढताना रमीझने गाडी थांबवून मागे वळून बजावलं, "वर डांबर आणि काँक्रीट सोडून कुठेही पाय ठेवायचा नाही. जमिनीत अजून सुरुंग आहेत." मी मराठीत शब्दन् शब्द सांगितलं.

"हो गं, ऐकलं," वन्सं म्हणाल्या. पण त्यांचं चित्त कुठे होतं ते मला ठाऊक होतं. त्या दिवशी संकष्टी. डबीतली गणपतीची सुपारी बॅगेत, फुलं हॉटेलच्या कुंडीतून लांबवलेली, आणि दूर्वा मात्र नाहीत. सकाळपासून घोकत होत्या, चाळीस वर्षांत एक संकष्टी दूर्वांशिवाय गेली नाही म्हणून.

मी काँक्रीटच्या वाटेवर चढून खालचं गाव बघत होते, रमीझ गाडीतून पाण्याच्या बाटल्या काढत होता. तेवढ्यात बाई गायब.

रमीझने माझ्या तोंडावरचा हात काढला. "आता तुम्ही बोला," तो म्हणाला. "हळू बोला. येऊ नका म्हणा. हलू नका म्हणा. वाकलेल्या आहेत ना, फक्त कंबर सरळ करायला सांगा. पाय जिथे आहेत तिथेच."

मी हळूच बोलले. "वन्सं, जरा उभ्या राहा. सरळ. पाय हलवू नका."

"अगं, ये बघ, इथे किती छान..."

"वन्सं! तुम्हाला यांची शपथ आहे. पाय हलवू नका."

यांची शपथ मी कधी घालत नसे. त्या सरळ झाल्या, आणि वळून माझ्याकडे पाहिलं.

"काय झालं?"

"तिथे सुरुंग आहेत."

वारा होता, झाडं सळसळत होती. वन्संनी खाली पायांकडे पाहिलं, मग मागे त्या पत्र्याकडे.

"तो बोर्ड? अगं, मला वाटलं विजेचा आहे. आपल्या डीपीवर नाही का, लाल पत्रा आणि कवटी? मी वर बघितलं, तार नाही, खांब नाही. म्हटलं, काढून नेला असेल." मग आवाज चढला. "मेल्यांनो, सुरुंगाला विजेची कवटी कशाला लावता!"

हसू यावं असं ते बोलणं. मी हसले नाही.

रमीझ फोनवर बोलत होता, भराभर, एक हात केसांत. फोन ठेवून म्हणाला, सुरुंग काढणारं पथक पलीकडच्या डोंगरावर आहे, निघालं आहे, पण रस्ता वळणाचा आहे.

"किती वेळ लागेल?"

"दोन तास. कदाचित जास्त."

"मग त्या गेल्या त्याच पावलांवरून परत येऊ देत ना!"

"पावलं दिसतायत तुम्हाला?" त्याने विचारलं. गवत केव्हाच उभं राहिलं होतं. "आणि एकदा चुकलं नाही म्हणजे दुसऱ्यांदा चुकणार नाही, असं नसतं. गवतात तारा असतात, केसाएवढ्या. त्यांनी फक्त उभं राहायचं."

फक्त उभं राहायचं! ऊन डोक्यावर. बासष्ट वर्षांची बाई, मधुमेहाची. सकाळी साखरेची गोळी न चुकता घेतलेली, आणि संकष्टी म्हणून पोटात चहा आणि दोन खजूर. गोळीही घ्यायची आणि उपासही करायचा, या हट्टावरून मी किती भांडले असेन! रमीझला हे सांगितलं तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले.

"पडता कामा नये," एवढंच म्हणाला.

पहिला अर्धा तास बरा गेला. वन्संनी दूर्वांची जुडी कमरेला खोचली, हात जोडले आणि अथर्वशीर्ष म्हणायला लागल्या. रमीझ काँक्रीटच्या अगदी काठाशी उकिडवा बसून त्यांच्यावरची नजर काढत नव्हता. मधूनच मला म्हणे, "बोलत राहा. कशावरही बोला." मग मी बोलत सुटले. शेजारच्या गोखलेकाकूंची मांजर, सलीलचं लग्न, लिंबाचं लोणचं खराब झालं ते कुणाच्या हातून. वन्सं म्हणाल्या, "तुझ्याच." मी म्हटलं, "असू दे, माझ्याच." त्यावर त्यांनी चमकून बघितलं. तीस वर्षांत ते लोणचं मी कबूल केलं नव्हतं.

मग त्यांनी जांभई दिली. पाठोपाठ दुसरी. कपाळावर घाम चमकायला लागला, आणि जोडलेले हात हलायला लागले. ही लक्षणं मला पाठ होती. साखर उतरली की आधी जांभया, मग घाम, मग थरथर, आणि मग बाई जिथे असतील तिथे बसकण मारतात.

"वन्सं, बसायचं नाही हं."

"नाही बसत," त्या म्हणाल्या. आवाज लांबून आल्यासारखा. "पण हेमा, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत गं."

मी पर्स उपडी केली. चष्म्याचं घर, रुमाल, कंगवा, आणि वाईहून आणलेले राजगिऱ्याचे लाडू, एकेक प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. देवाची शपथ, त्या लाडवांना बघून मला रडू फुटलं.

"फेकू का? झेलतील त्या."

रमीझ तारांकडे, म्हणजे गवताकडे बघत राहिला. "हातात झेलायला पुढे झुकतील. तोल जाईल."

"वन्सं," मी ओरडले, "पदर पसरा! लाडू टाकते, पदरात घ्या. आला नाही पदरात तर जाऊ द्या. वाकायचं नाही, हात लांब करायचा नाही!"

त्यांनी कमरेचा पदर सोडला आणि दोन्ही हातांनी पुढे धरला. मी लाडू फेकला. माझं नेम धरणं ते काय! लाडू निम्म्या वाटेत गवतात पडला. रमीझने मला खेचून काँक्रीटच्या भिंतीआड खाली दाबलं आणि आम्ही दोघं डोकं धरून पडून राहिलो. काही झालं नाही. उठून बघितलं तर वन्सं पदर पसरून तशाच, ताठ, डोळे घट्ट मिटून उभ्या.

"द्या," रमीझ म्हणाला. "शाळेत बास्केटबॉल खेळायचो."

त्याने लाडू तळहातावर तोलला, गुडघे वाकवले, आणि खालून, अलगद, उंच उडवला. लाडू उन्हात वर गेला आणि पदराच्या मधोमध पडला. दुसराही तसाच. तिसराही.

"खा, वन्सं!"

"हात धुतलेले नाहीत..."

"वन्सं, खाता की येऊ मी तिथे?"

त्या खायला लागल्या. लाडू कोरडा, पाणी नाही, घास घशात अडकत होता. पण खाल्ला. दुसरा खाल्ला. हळूहळू हातांची थरथर थांबली. रमीझ वळून गाडीला टेकला आणि ओंजळीत तोंड धरून उभा राहिला.

पथक आलं तेव्हा उन्हं कलली होती. दोघंच जण, छातीवर जाड चिलखतं, तोंडापुढे काच. एकजण पोटावर पडून सळई तिरकी टोचत, बोट बोट पुढे सरकत गेला आणि मागे पांढऱ्या फितीची अरुंद वाट आखत गेला. हे इतकं सावकाश की मला वाटलं, आपणच चक्कर येऊन पडू. एके ठिकाणी तो थबकला, खूप वेळ थबकला, आणि एक छोटी लाल झेंडी रोवून बाजूने वळला. ती झेंडी वन्संनी खुडलेल्या गवताला अगदी लागून, आमच्या बाजूला होती. तिथलं गवत जास्त हिरवं होतं. मी वन्संना थांबवलं नसतं तर, आणि ती पहिली हाक पुरी मारली असती तर, दोन्ही माझ्या मनात एकदम आलं.

तो माणूस वन्संपाशी पोचला. उठून उभा राहिला, काच वर केली. पाठ फिरवून आपल्या चिलखताचा मागचा पट्टा त्याने त्यांच्या हातात दिला आणि काहीतरी म्हणाला. रमीझने मला सांगितलं, मी वन्संना.

"त्याच्या पावलावर पाऊल ठेवून या. दुसरीकडे कुठेही बघू नका."

वन्सं आल्या. पाऊल, मग पाऊल. काँक्रीटवर पाय टेकला तशी मी त्यांना मिठी मारली आणि मग दोन्ही दंड धरून गदागदा हलवलं.

"दूर्वा! दूर्वा पाहिजेत म्हणे! तुम्ही गेलात तर मी त्या घरात कुणाशी भांडू? सांगा ना, कुणाशी भांडू?"

"अगं हो, हो," त्या म्हणाल्या. "माझा चहा कर आधी." भान नव्हतं त्यांना आपण कुठे आहोत याचं. मग त्याही रडल्या.

पथकातल्या माणसाने विचारलं, बाई काय तोडायला गेल्या होत्या? रमीझने सांगितलं, गवत. त्याला आधी खरं वाटेना.

परतायला गाडीत बसलो. वन्संच्या मांडीवर दूर्वांची जुडी. त्या दूर्वा होत्या की साधं गवत, मला अजून ठाऊक नाही. पहिल्या वळणावर त्या म्हणाल्या, "हेमा, याला विचार, तुझं तोंड का दाबलंन याने? उभी राहिल्यावर मी पहिलं ते बघितलं. तुझ्या गालांवर बोटं उमटली होती."

मी विचारलं. रमीझने गाडी बाजूला घेतली, डांबरावरच, आणि समोरच्या काचेकडे बघत बोलला.

"लढाईत गावाला खायला नव्हतं. आम्ही रानपाला खायचो. खाजकुयलीसारखा एक पाला असतो, शिजवला की खाज जाते. आई त्याची धिरडी करायची. आमच्या घरामागे सुरुंग पेरलेला उतार होता. मी सोळा वर्षांचा. आई म्हणाली, तू रस्त्यावरच थांब, आणि आत गेली. तेवढ्यात गोळे पडायला लागले. मी घाबरलो आणि आईला हाक मारली." त्याने इंजिन बंद केलं. "पाला टाकून ती माझ्याकडे धावत आली. सरळ, मधून."

मी वन्संना सांगितलं.  वन्संनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "कुठे ठेवलंय तिला?"

सारायेव्होत डोंगराच्या उतरणीवर पांढरे दगड दिसतात, घरांच्या मधूनमधूनसुद्धा. उभे, निमुळते, एकाशेजारी एक, आणि बहुतेकांवर लढाईची तीच दोन-चार सालं. रमीझने फाटकापाशी गाडी थांबवली. मधून डांबरी पायवाट. तीवरून चालत तो एका जागी थांबला आणि डावीकडे हात केला. तिसऱ्या ओळीतला दगड. मध्ये गवत, छान वाढलेलं.

"इथूनच प्रार्थना करतो मी," तो म्हणाला. "दर शुक्रवारी. इथूनच."

"म्हणजे आईजवळ गेलाच नाहीस कधी?" मी विचारलं. त्याने मान हलवली. पुरताना आला होता, लोकांनी धरून आणला होता, तेवढाच.

वन्संनी कॅनव्हासचे बूट काढून पायवाटेवर नीट शेजारी शेजारी ठेवले. "यांच्यात चालतात का विचार, दूर्वा वाहिलेल्या."

मी विचारलं. रमीझ म्हणाला, "गवतच तर आहे तिच्यावर."

"वन्सं, आणि गणपती?"

"तो थांबेल," वन्सं म्हणाल्या, आणि गवतात उतरल्या. अनवाणी. दोन तास ज्या गवताने त्यांना खिळवून ठेवलं होतं तसल्याच गवतात. दोन पावलं जाऊन त्या थांबल्या, वळल्या नाहीत, फक्त पदराचं टोक मागे धरलं.

"ये रे," त्या मराठीतच म्हणाल्या. "माझ्या पावलावर पाऊल ठेव. दुसरीकडे कुठे बघू नकोस."

मी भाषांतर करायला तोंड उघडलं, पण गरज पडली नाही. रमीझने पदर धरला. बूट काढायचं त्याला सुचलं नाही. त्याने एक पाय उचलला आणि कितीतरी वेळ तसाच धरला. मग वन्संचं पाऊल जिथे उमटलं होतं तिथे ठेवला. मग दुसरा. उंच माणूस तो, वन्संच्या एवढ्या एवढ्या पावलांवर पाय मावत नव्हता, तरी तिथेच ठेवत गेला.

दगडापाशी वन्संनी दूर्वा वाहिल्या, नमस्कार केला आणि बाजूला झाल्या. रमीझने दगडावर हात ठेवला. मी पायवाटेवर वन्संचे बूट सांभाळत उभी होते, तिथपर्यंत ऐकू आलं.

त्याने आईला हाक मारली.